'पेत्रोविच' हे आडनाव नव्हे

प्रश्न असा आला आहे: रशियन कथांच्या अनुवादात एकाच माणसाला कधी 'इव्हान पेत्रोविच', कधी 'वानिच्का', कधी नुसत्या आडनावाने का हाक मारतात? 'पेत्रोविच' हे आडनाव समजायचं का? आणि अनुवादकाने सगळीकडे एकच नाव ठेवलं तर काय बिघडलं?

पेत्रोविच म्हणजे प्योत्रचा मुलगा. रशियन नावात आपल्यासारखंच मधे वडिलांचं नाव येतं. मुलगा असेल तर त्याला बहुधा -ओविच किंवा -एविच लागतं, मुलगी असेल तर -ओव्हना किंवा -एव्हना. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव सहसा बदलतं, रशियन बाईचं बदलत नाही. रशियन कथाकार चेखवची नायिका आन्ना सेर्गेयेव्हना नवऱ्याचं आडनाव लावते, पण राहते सेर्गेईचीच मुलगी.

खरा फरक मात्र बोलण्यात आहे. आपलं मधलं नाव फॉर्मवर आणि लग्नपत्रिकेत दिसतं, त्या नावाने कोणी हाक मारत नाही. रशियनमध्ये नाव आणि पितृनाम मिळून मारलेली हाक हीच आदराची हाक. मराठीत जे काम 'राव', 'पंत', 'बाई' करतात, ते तिथे बापाचं नाव करतं. 'इव्हान पेत्रोविच' हे 'गोविंदराव'च्या वजनाचं आहे, 'वानिच्का' हे घरातलं लाडाचं नाव, आणि नुसतं पितृनाम ही साध्या, कामकरी माणसांत चालणारी, सलगीची पण वयाचा मान राखणारी हाक.

हे एकदा लक्षात आलं की जुन्या कथा वेगळ्याच वाचल्या जातात. गोगोलच्या 'ओव्हरकोट' (1842) मधला शिंपी पाहा. जमीनदाराचा भूदास होता तोवर तो नुसता ग्रिगोरी. सुटकेचा कागद हातात पडला आणि सणासुदीला दाबून प्यायला लागला, तेव्हापासून लोक त्याला पेत्रोविच म्हणू लागले. भूदासपद कायद्याने गेलं 1861 मध्ये, त्याच्या कितीतरी आधी गोगोलने एका माणसाचं स्वतंत्र होणं असं हाकेतल्या बदलात टिपलं. त्याच कथेतला कारकून अकाकी अकाकीएविच. पंचांगातून निघालेली नावं एकाहून एक विचित्र, म्हणून आईने शेवटी बापाचंच नाव पोराला दिलं. नाव आणि पितृनाम एकच झालं, म्हणजे मानाने हाक मारायची तरी तोच शब्द दोनदा उच्चारायचा.

चेखवच्या 'वान्का'मध्ये (1886) मॉस्कोत चांभाराकडे उमेदवारीला ठेवलेला नऊ वर्षांचा पोरगा नाताळच्या आदल्या रात्री आजोबांना पत्र लिहितो. लिफाफ्यावर आधी लिहितो 'गावी आजोबांना', मग डोकं खाजवून भर घालतो, 'कोन्स्तान्तिन माकारिच'. गावाचं नाव नाही, आडनावही नाही. माझ्या मते पोराला पत्ता पुरा वाटतो तो यामुळेच: मोठ्या माणसाचं नाव रीतीप्रमाणे, बापासकट लिहिलंय, आता काय राहिलं? (माकारिच हे माकारोविचचं बोलीतलं आखूड रूप. दिमित्रिच आणि दिमित्रियेविच असं दिसलं तर माणसं दोन समजू नका.)

एकच नाव ठेवलं तर काय बिघडतं, याचं उत्तर चेखवच्याच 'दुशेच्का'त (1899) आहे. ओलेन्काचा पहिला नवरा कुकिन मैदानी रंगमंच चालवतो. गाव त्याला कुकिन म्हणून ओळखतं, ती जिथे तिथे 'मी नि वानिच्का' करत असते. मग रात्री दारावर थाप पडते आणि तार येते: 'इव्हान पेत्रोविच' आज अचानक वारले. तारेत अक्षरंही चुकलेली आहेत. ती रडते ती मात्र 'वानिच्का माझ्या' म्हणून. परक्यांचा इव्हान पेत्रोविच आणि तिचा वानिच्का यांतलं अंतर चेखवने समजावून सांगितलेलं नाही, फक्त दोन नावं शेजारी ठेवली. तिथे अनुवादकाने दोन्हीकडे 'कुकिन' घातलं तर तो प्रसंग निव्वळ बातमी होतो. पुढे लाकडाच्या वखारीच्या व्यवस्थापकाशी लग्न होतं आणि 'मी नि वासिच्का' सुरू होतं. तीच लकब, नाव दुसरं. बाई कळते ती इथे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नावं कापू नयेत. वाचकाचा गोंधळ होतो हे खरं, पण त्यावर उपाय म्हणजे पुस्तकाच्या सुरुवातीला पात्रांची यादी, प्रत्येकाच्या सगळ्या हाकांसकट. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पात्रपरिचय असतोच की.