वाचक विचारतात : सायलेन्सरला उष्णतारोधक रंग

प्रश्न : आमची नऊ वर्षांची पेट्रोल गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. सायलेन्सर आणि त्याचा पाइप तांबूस झाला, म्हणून गेल्या वर्षी गॅरेजमध्ये त्याला रेड ऑक्साइड आणि वर रुपेरी ऑइलपेंट लावून घेतला. पहिल्याच फेरीत धूर निघाला आणि थोड्याच दिवसांत पोपडे सुटले. आता उष्णतारोधक रंग घ्या, असे दुकानदार सांगतात. तो टिकतो का आणि घरी लावता येईल का? गाडीचा वापर बाजारहाट आणि मुलांची शाळा एवढाच आहे.
— एक वाचक, मालवण

उत्तर : ऑइलपेंट आणि रेड ऑक्साइड या दोन्हींतील रंगकण धरून ठेवणारा घटक तेलापासून बनलेल्या राळेचा असतो आणि सायलेन्सरच्या उष्णतेत तो जळतो, आपण पाहिलेला धूर त्याचाच होता. उष्णतारोधक रंगात त्या जागी सिलिकॉन राळ असते. ती तापली की तिच्यातील सेंद्रिय भाग निघून जातो आणि मागे उरणारा सिलिकेचा थर ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्यांसह धातूला धरून राहतो. म्हणून हा रंग उघड्या धातूवरच लावायचा असतो. खाली साधा प्रायमर असेल, तर तो जळतो आणि वरचा चांगला रंगही घेऊन पडतो.

मात्र आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटचे आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण लिटरभरच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर पुरेसा तापतो आणि ही वाफ बाहेर पडते. बाजार आणि शाळा एवढ्याच फेऱ्यांमध्ये तो कोमटच राहतो, वाफेचे पाणी आत साचते, त्यात धुरातील आम्ल मिसळते आणि पत्रा आतून कुजू लागतो. बाहेरून कितीही उत्तम रंग दिला, तरी या कुजण्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. खाऱ्या हवेमुळे बाहेरून चढणारा गंज तेवढा रंगाने रोखता येतो.

त्यामुळे रंगाचा डबा आणण्याआधी, गाडी थंड असताना, सायलेन्सरच्या खालच्या बाजूवर आणि जोडांवर पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहावे. आवाज खणखणीत आला तर पत्रा शाबूत आहे. आवाज बद्द आला, आत गंजाचे तुकडे खुळखुळले किंवा पेचकसाचे टोक दाबताच पत्रा आत गेला, तर रंगावर खर्च करू नये, सायलेन्सर बदलावा. उलट, अनेक आधुनिक गाड्यांचे पाइप कमी क्रोमियमच्या स्टेनलेस स्टीलचे असतात. त्यांच्यावर वरवर तांबूस छटा येते, पण ती लवकर आरपार जात नाही. अशा पाइपला रंग दिला नाही तरी चालते, असे माझे मत आहे.

रंग निवडताना डब्यावरील तापमानाचा आकडा पाहावा. मागचा सायलेन्सर बहुधा 150 ते 300 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहतो, पण इंजिनाला लागून असलेला, त्यातील धूर गोळा करून पाइपात सोडणारा मॅनिफोल्ड चढावर किंवा वेगात 700 अंशांच्याही वर जाऊ शकतो. बाजारातील रुपेरी रंग साधारणपणे 600 अंशांपर्यंतचे असतात. ते मागच्या भागाला पुरून उरतात, मॅनिफोल्डला पुरत नाहीत. तो तसाच सोडावा.

काम घरी होते, पण ते पावसाळा सरल्यावर, कोरड्या दिवशी करावे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नये. मजबूत लोखंडी स्टँड लावावेत आणि चाकांना अडण द्यावी. समुद्रकाठी पहिली पायरी धुण्याची आहे, कारण रंगाखाली राहिलेले मीठ ओलावा ओढत राहते आणि फोड आणते. गोड्या पाण्याने धुवून पूर्ण वाळल्यावर जुना रंग आणि सुटा गंज तारेच्या ब्रशने काढावा, मग पॉलिश पेपर मारावा आणि शेवटी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावे. त्यानंतर त्या जागी उघडा हातही लावू नये. रंगाचे दोन पातळ हात पुरतात. जाड हात तापल्यावर फुगतो. ऑक्सिजन सेन्सर (धुरातील ऑक्सिजन मोजणारा, पाइपात बसवलेला वायरचा भाग), लवचीक जाळीचा पाइप आणि सायलेन्सर टांगणारी रबरे कागद व चिकटपट्टीने झाकावीत. सायलेन्सरच्या तळाशी काडीएवढे एक भोक असेल, तर ते गंजाने पडलेले नसून साचलेले पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेले असते. ते रंगाने बुजवू नये.

बहुतेकांचे काम बिघडते ते यानंतर. हा रंग हवेत वाळतो, पण पक्का होतो तो उष्णतेने, बहुतेक रंगांच्या बाबतीत 200 अंशांच्या आसपास. डब्यावर दिलेला वेळ वाळू द्यावा, मग गाडी उघड्यावर (बंद गॅरेजमध्ये कदापि नाही, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो) थोडा वेळ चालू ठेवून थंड होऊ द्यावी आणि हे एकदा पुन्हा करावे. नुसत्या उभ्या गाडीचा सायलेन्सर पुरेसा तापत नाही, म्हणून शेवटी कसालपर्यंत जाऊन महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवावी. या वेळी किंचित वास आणि विरळ धूर येतो. तो रंग पक्का होत असल्याचा असतो. अशी फेरी पुढेही अधूनमधून केली, तर आतले पाणीही निघून जाईल.

प्रश्न : मोटारसायकलच्या क्रोम केलेल्या बेंड पाइपला असाच काळा रंग देता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : देता येईल, परंतु गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही, आधी पॉलिश पेपरने ती चकाकी पूर्ण मारावी लागते, आणि क्रोम चांगला असताना तसे करणे नुकसानीचेच आहे. इंजिनालगत क्रोमवर आलेली निळी-पिवळी झाक हा गंज नव्हे, उष्णतेचा परिणाम आहे. क्रोम सुटून खालचा पत्रा गंजला असेल, तरच 600 अंशांचा काळा रंग घ्यावा. साध्या काळ्या स्प्रेने पुन्हा मालवणच्या वाचकांसारखाच धूर निघेल.