मॅगपाय काय खातो, आणि खानापूरकडे दिसणारा लांब शेपटीचा पक्षी तोच का?

आपण विचारले आहे की मॅगपाय काय खातो, त्याच्या सवयी कशा असतात, आणि बेळगावकडच्या खानापूरजवळच्या आपल्या शेतात बुलबुलाच्या घरट्यातील अंडी पळवणारा तांबूस, लांब शेपटीचा पक्षी तोच असेल तर त्याला हाकलून लावावे का. खरा मॅगपाय, म्हणजे काळापांढरा आणि हिरव्या-निळ्या झळाळीच्या शेपटीचा, आपल्याकडे येत नाही. भारतात तो पाहायचा तर लडाख गाठावे लागते. आपण पाहिलेला पक्षी टकाचोर आहे. तोही कावळ्याच्याच कुळातला, आणि त्याच्या सुमारे दीड फूट लांबीत निम्म्याहून अधिक भाग शेपटीचाच असतो. पुष्कळ जण दयाळाच्या इंग्रजी नावात मॅगपाय शब्द आहे म्हणून त्यालाही याच कुळात बसवतात, पण दयाळ हा माशीमार कुळातला लहानसा गाणारा पक्षी आहे.

मॅगपाय बराच वेळ जमिनीवर चालत किडे, गांडुळे, दाणे आणि मेलेली जनावरे शोधतो. टकाचोराचे जवळजवळ सगळे खाणे मात्र झाडावरच होते. माघ-फाल्गुनात जांबोटी रस्त्यावरच्या एका काटेसावरीवर मी त्याला अगदी जवळून पाहिले आहे. तो टोकाच्या फांदीला उलटा लोंबकळला होता, शेपटी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झुकवून तोल सांभाळत होता, आणि प्रत्येक फुलात डोके खुपसून मध पिताना त्याची काळी चोच परागांनी पिवळी झाली होती. वड-पिंपळाची फळे, सुरवंट, नाकतोडे, पाली, सरडे आणि दुसऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले हे सगळे त्याच्या आहारात येते. कोकण-गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या माटोळीला, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या चौकटीला, कवंडळ नावाचे जे लालभडक रानफळ बांधतात, ते सस्तन प्राण्यांना विषारी असूनही हा पक्षी खातो, याचे मला फार नवल वाटते. उरलेले खाणे सालीच्या फटीत दडवून ठेवण्याची कावळ्याची सवय त्यालाही आहे.

आता हाकलण्याबद्दल. अंडी तो पळवतो, हे खरेच आहे, आणि आपल्याला वाईट वाटणेही स्वाभाविक आहे. परंतु नारळाच्या झाडाला आतून पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याच्या अळ्या तो खातो, त्यामुळे दक्षिणेकडील बागायतीत त्याला उपकारक मानले गेले आहे. आपल्या बांधावर माडाची चार झाडे असतील तर त्याला राहू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बुलबुल हंगामात पुन्हा घरटे बांधतात, आणि घरटे दाट काटेरी कुंपणात असले तर एवढ्या लांब शेपटीच्या पक्ष्याला तिथे शिरणे जडच जाते.

टकाचोराच्या नावातील ‘चोर’ शब्दावरून मॅगपायवरच्या चोरीच्या आळाची एक गोष्ट सांगावीशी वाटते. मॅगपाय चकाकणाऱ्या वस्तू पळवतो, अशी युरोपात जुनी समजूत आहे. पण २०१४ साली इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी दाण्यांच्या शेजारी चकचकीत वस्तू ठेवून पाहिल्या, तेव्हा हे पक्षी त्या वस्तूंना बिचकतच असल्याचे दिसले.

टकाचोर बहुधा जोडीने किंवा चारपाचांच्या टोळीने हिंडतो, आणि कोतवाल व सातभाई यांच्या मिश्र थव्यात मिसळून, त्यांच्या हालचालीने उठलेले किडे टिपतो. वीण मुख्यतः एप्रिल ते जूनमध्ये होते. काटक्यांच्या, आतून मुळ्यांनी मढवलेल्या वाटीसारख्या घरट्यात चार-पाच अंडी असतात आणि नर-मादी दोघेही पिल्लांना भरवतात. भीमगडाच्या रानाकडे गेलात आणि पांढऱ्या पोटाचा, पांढऱ्या मानेचा टकाचोर दिसला, तर तो पश्चिम घाटाबाहेर फारसा न आढळणारा वेगळा पक्षी आहे, हे ध्यानात ठेवावे. आपल्या शेतातला साधा टकाचोर मात्र आधी कानांनीच ओळखता येईल: एरवी कर्कश खरखर करणारा हा पक्षी सकाळी मधूनच ‘को-की-ला’ अशी तीन सुरांची गोड हाक देतो.