ट्रकच्या धडकेत भावाचा कमरेखालचा भाग निकामी झाला. विमा कंपनी 15 लाखांत मिटवू म्हणतेय, सही करावी का?

आत्ता मुळीच नको. लोकअदालतीत तडजोड झाली की तिच्यावर अपील नाही, एवढं आधी घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

मी मोटार अपघात दाव्यांचीच वकिली करतो. तुम्ही लिहिलंय की भाऊ 29 वर्षांचा, प्लंबर, महिन्याला साधारण 20 हजार कमावणारा आणि दाखला 80 टक्के अपंगत्वाचा. कंपनीचा वकील त्या 80 वरच अडून बसेल. पण प्लंबरला उभंच राहता येत नसेल तर कमाई शंभर टक्के गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलंय की डावा हात गेला तर कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराचा मात्र धंदाच बसतो.

आता हिशेब मांडून बघा. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भावी वाढीचे 40 टक्के धरून 28 हजार. वर्षाचे 3,36,000. 29 व्या वर्षाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला वयानुसार ज्या आकड्याने गुणतात तो, 17, म्हणजे 57,12,000. हे फक्त बुडालेल्या कमाईचे! दवाखाना, वेदना, पुढची ऑपरेशनं वेगळी.

आणि सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च. हा बहुतेक जण मागतच नाहीत, कारण सगळं आईच करत असते. कूस बदलणं, कॅथेटर, डायपर, बेडसोरची मलमपट्टी, सगळं. आई करते म्हणून ते फुकट ठरत नाही. 2020 च्या एका निकालात, अपघातात जखमी झालेल्या लहान मुलीसाठी, न्यायालयाने दोन मदतनिसांचा खर्च गुणक लावून मंजूर केलाय. मेडिकलवाल्याकडून डायपरचंसुद्धा पक्कं बिल घ्या.

कमाईला कागद नसेल तर बँकेचं पासबुक आणि ज्यांच्याकडे काम केलं त्या कंत्राटदाराची साक्ष चालते. दाखला देणाऱ्या डॉक्टरांनाही साक्षीला आणा, नुसत्या कागदावर कंपनी बोट ठेवतेच. दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही लावता येतो. एप्रिल 2022 पासून कायद्यात अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा त्याच्या आतच लावा.

मिळतील त्यातले इतके टक्के माझे, असं म्हणणारा वकील भेटला तर दुसरा बघा. वकिलांच्या नियमांत ते बसत नाही.