शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा सांभाळताना

निवृत्त घोड्यांना नवं घर शोधून देणाऱ्या आपल्या संस्थेत घोडा आला की लगेच खोगीर चढवायची घाई करू नकोस. शर्यतीच्या तबेल्यात धान्याचा खुराक जास्त, चारा कमी. त्यामुळे या घोड्यांत पोटाचे अल्सर सर्रास आढळतात. धान्य 10-14 दिवसांत हळूहळू कमी कर, वाळलं गवत मात्र सतत समोर असू दे. 500 किलोच्या घोड्याला दिवसाला 8-10 किलो लागतंच. पुढच्या पायांच्या नळीमागून (गुडघ्याखालच्या लांब हाडामागून) रोज हात फिरव. तिथली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी पट्टी) गरम किंवा फुगलेली लागली तर पशुवैद्यांना बोलाव.

दत्तक देताना घर नुसतं प्रेमळ असून भागत नाही. घोडा पंचविशीपर्यंत सहज जगतो. तेवढी वर्षं खर्च झेपेल का, सोबतीला दुसरा घोडा आहे का, हे स्पष्ट विचार. न जमल्यास घोडा संस्थेकडेच परत येईल, ही अट लेखी घे.