माड ओळखावा पानावरून

प्रश्न : दिवाळीत हावड्याचं वनस्पती उद्यान पाहायला जाणार आहोत. तिथले दुर्मीळ माड ओळखायचे कसे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी आपल्या कोयना खोऱ्यातला भेरली माड नीट पाहून घ्या. पर्णिका (मोठ्या पानाची छोटी पानं) माशाच्या शेपटीसारख्या, आणि फुलोरे शेंड्याकडून खाली येत जातात. अशी नजर बसली की श्रीताड सापडेल: ५ मीटरपर्यंत रुंद गोलसर पान, देठाच्या कडांना दाते. तो आयुष्यात एकदाच फुलतो, तोही शेंड्यावर, आणि फळं पिकली की मरतो. फुललेला दिसला तर बाकी सगळं सोडा, तिथंच थांबा! सेशेल्स बेटांवरचा दर्याचा नारळ मात्र माळ्याला विचारूनच गाठा. तिथलं झाड १८९४ साली लावलेलं. यात नर-मादी झाडं वेगळी. पानाचा फोटो काढाल तो देठासकट.