पशुवैद्यकांनी प्रशिक्षणांना जावं का? माझ्या आजाराचं निदानच तिथे झालं

तुम्ही विचारलंय की बी.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकाची पदवी) होऊन दोन वर्षं झाली, खासगी प्रॅक्टिस बरी चाललीय, मग कामाचा दिवस मोडून आणि फी भरून सीव्हीई (पदवीनंतरची पशुवैद्यक प्रशिक्षणं), कार्यशाळा, परिषदा यांना जावं का? की तिथे नुसती बॅग, जेवण आणि प्रमाणपत्र मिळतं? आणि जायचं तर निवड कशी करायची?

जावं. इतकं ठामपणे सांगण्याचं कारण माझ्या अंगावरून गेलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2009 साली मी एका दुष्काळी तालुक्यात श्रेणी-1 दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी होतो. संकरित गाई झपाट्याने वाढत होत्या आणि आठवड्याला वार (व्यायल्यावर पडून जायचं गर्भाचं आवरण) अडकलेल्या दोन-तीन तरी गाई असायच्याच. आमच्याकडे डॉक्टरची पारख वारेवरच व्हायची. मालक गरम पाण्याची बादली आणि साबणाची वडी घेऊन उभा, चार शेजारी गोठ्याच्या दारात. खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि एकेक बटण, म्हणजे वार गर्भाशयाला चिकटते ती गाठ, बोटांनी सोडवत जायचं. अर्धा-पाऊण तासाने अख्खी वार बाहेर आली की लोक म्हणायचे, "हात चांगलाय डॉक्टरांचा." लांब हातमोजे दवाखान्यात मोजकेच यायचे, ते कृत्रिम रेतनाला पुरवायचे. शिवाय मोजा घातला की बटणं बोटाला लागत नाहीत, हे मला माझ्या वरिष्ठांनीच शिकवलेलं. मी उघड्या हाताने वार काढत राहिलो. सातव्या-आठव्या महिन्यात गाभडलेल्या गाईंचीसुद्धा.

फेब्रुवारीत ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, रात्री बनियन पिळावं इतका घाम यायचा आणि सकाळी मी पुन्हा कामावर. मग कंबर धरली. मोटारसायकलला किक मारता येईना, धाकटा भाऊ मारून द्यायचा. विडाल (टायफॉइडची रक्तचाचणी) थोडी वाढलेली आली म्हणून टायफॉइडचा कोर्स झाला, दोनदा. मलेरियाच्या गोळ्या झाल्या. शेवटी मणक्याच्या टीबीची शंका निघाली. चार महिन्यांत माझं वजन नऊ किलो उतरलं. मी काम काय करतो हे एकाही डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. ब्रुसेलोसिस, म्हणजे गाई गाभडवणारा आणि त्यांच्या वारेतून माणसालाही लागणारा जंतूंचा आजार, मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलाही होता. पण तो गाईचा आजार म्हणूनच डोक्यात बसलेला.

जूनमध्ये एका पशुवैद्यक महाविद्यालयातून जनावरांपासून माणसांना होणाऱ्या आजारांवरच्या एकदिवसीय प्रशिक्षणाचं पत्र आलं. वरिष्ठांकडे गेलो. ते म्हणाले, "घटसर्प-फऱ्याचं लसीकरण तोंडावर आलंय आणि तुम्हाला सेमिनार सुचतायत? आपण रोज करतो तेच तिथे सांगणार." मी किरकोळ रजा टाकून स्वखर्चाने गेलो.

दुपारच्या सत्रात सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमनी सहज विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, कंबरदुखी आहे का?" चाळीसेक जणांत तीन हात वर झाले. तिघांचं रक्त तिथेच घेतलं. सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) सुटल्यावर प्लेटवर 30 मायक्रोलिटर सीरम आणि तेवढंच रोझ बेंगॉल अँटिजेन, म्हणजे ब्रुसेलोसिस तपासायचं गुलाबी द्रावण, काडीने मिसळून प्लेट हळूहळू झुलवायला सुरुवात. ही चाचणी चार मिनिटांत वाचायची असते. पहिला थेंब गुलाबीच राहिला, एकसंध. माझ्या थेंबात मिनिटभरातच दूध फाटल्यासारखे दाणे दिसायला लागले. हीच चाचणी मी कितीतरी गाईंवर केली होती, 'पॉझिटिव्ह' असा शेरा मारून मोकळा झालो होतो. आता त्या प्लेटवर माझं सीरम होतं.

मॅडमनी स्वतः फोन लावून फिजिशियनकडे पाठवलं. तिथे ट्यूब चाचणीने खात्री झाली. डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, सहा आठवडे. दुसऱ्या आठवड्यात ताप थांबला. कंबर सरळ व्हायला मात्र वर्ष गेलं.

परत येऊन हे सगळं वरिष्ठांना सांगितलं तर ते म्हणाले, "तीस वर्षं उघड्या हाताने वार काढतोय, मला काय झालं?" तेव्हा मी गप्प बसलो. आज इथे उत्तर देतो. एक तर साहेबांनी स्वतःचं रक्त कधी तपासलंच नव्हतं. दुसरं म्हणजे मुळात वार ओढून काढण्याचीच गरज नसते, आणि हेही मला त्याच दिवशी सकाळच्या सत्रात प्रसूतिशास्त्राच्या सरांकडून कळलं. गाय खातेय, ताप नाही, तर हात घालायचा नाही. बाहेर लोंबणारा भाग कापून टाकायचा आणि रोज ताप बघायचा. ताप आला, गाय मलूल झाली तर इंजेक्शनने प्रतिजैविक द्यायचं. वार पाच ते दहा दिवसांत आपोआप गळते. हाताने ओरबाडली तर गर्भाशयाच्या अस्तराला इजा होते, आतला संसर्ग वाढतो आणि गाय पुढे गाभण राहायला त्रास देते. मालकाच्या समाधानासाठी आपण गाईचंही नुकसान करतो आणि आपलंही. साहेब म्हणायचे, "वार नाही काढली तर मालक दुसरा डॉक्टर बघेल." माझे तीन मालक गेले, हे खरं आहे. त्यातले दोन परत आले.

आता तुमचा प्रश्न. पदवीनंतर हा धंदा जागेवर थांबत नाही. मी शिकलो तेव्हा लम्पी, म्हणजे गाईंच्या अंगावर गाठी आणणारा आजार, पुस्तकातला आफ्रिकेचा आजार होता. 2019 मध्ये तो ओडिशात आला आणि 2022 मध्ये महाराष्ट्रभर पसरला. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईंना किती आणि कुठे द्यायची, गाठी फुटलेल्या जनावराला कसं सांभाळायचं, हे आम्ही रात्रीच्या ऑनलाइन सत्रांतूनच शिकलो. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आम्ही सर्रास वापरायचो. गिधाडं त्याने मरतात हे सिद्ध झालं आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. 2023 मध्ये कीटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकही गेले. हे ज्याच्या कानावर गेलं नाही तो आजही तेच लिहून देत असेल.

निवड करताना एवढंच बघा की तिथे जनावर, नमुना किंवा सोनोग्राफीचा प्रोब तुमच्या हातात येणार आहे का. वीस-तीस जणांची तुकडी आणि महाविद्यालयाची प्रयोगशाळा असेल तर डोळे झाकून जा. हॉटेलात दोन तास एकाच मिश्रखनिजाच्या स्लाइड दाखवणार असतील तर दिवस मोडू नका. निव्वळ प्रमाणपत्रासाठी तर मुळीच नको.

अर्थात कंपन्यांची सगळीच सत्रं वाया नसतात. कासदाहावरचं मी ऐकलेलं सगळ्यात उत्तम व्याख्यान एका कंपनीनेच ठेवलं होतं. एकट्याने प्रॅक्टिस चालवणाऱ्याला दिवस मोडणं जड जातं हेही मान्य. शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरांशी बोलून ठेवा, एकमेकांचे कॉल सांभाळा, आम्ही तसंच करतो. आणि वारेबद्दल मी लिहिलंय ते गाई-म्हशींपुरतंच. घोडीची वार काही तासांत पडली नाही तर ती तातडीची केस असते, तिथे थांबू नका.

लसीकरणाला जात असाल तर आणखी एक सांगतो. ब्रुसेलाची एस-19 लस जिवंत जंतूंची असते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ती देताना मोजे आणि चष्मा घाला. सुई टोचली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर त्याच दिवशी फिजिशियनला गाठा आणि लसीचं नाव सांगा. पुढच्या प्रशिक्षणाला महाविद्यालयात जाल तेव्हा विनंती करून स्वतःचं सीरम तपासून घ्या. निगेटिव्ह आलं तरी तो कागद तारखेसकट जपून ठेवा, उद्या लांबलेला ताप आला तर फिजिशियनसमोर पहिल्याच भेटीत ठेवता येईल.