झेडपी शाळेबद्दलचं मत ऐकताना आधी साल विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार, जिल्हा परिषदेची शाळा घरापासून पायी सात-आठ मिनिटांवर, आणि तिच्याबद्दल दोन टोकांची मतं कानावर येताहेत. तिथे शिकून गेलेले म्हणतात, "त्या शाळेनं आम्हाला घडवलं." आत्ताचे काही पालक म्हणतात, "तिकडे अजिबात घालू नका." खरं कोणाचं धरायचं?

माझी दोन्ही मुलं झेडपीत चौथीपर्यंत शिकली आणि त्यातली चार वर्षं मी शाळा व्यवस्थापन समितीवर होते. त्या अनुभवावरून सांगते, दोघंही खरं बोलत असतील. फक्त ते एकाच शाळेबद्दल बोलत नाहीत. भिंती त्याच, फाटकावरची पाटीही तीच, पण शिकवणारी माणसं बदललेली असतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 पटापर्यंत दोन शिक्षक मिळतात, 61 ते 90 ला तीन. त्यामुळे छोट्या वस्तीतल्या कितीतरी शाळा द्विशिक्षकी असतात. दोघांपैकी एकाची बदली झाली की अर्धी शाळा बदलली. लोकांच्या बोलण्यात मात्र तो बदल उशिरा उतरतो. चांगल्या बाई गेल्या तरी दोन-तीन वर्षं "तिथे छान शिकवतात" चालू राहतं, आणि कामचुकार गुरुजी गेले तरी शाळेला लागलेला डाग तसाच राहतो.

माझ्याच घरातलं सांगते. थोरला पहिलीत होता तेव्हाच्या बाई मुलांना आधी वाळूत बोटानं अक्षर गिरवायला लावायच्या, मग त्या अक्षरानं सुरू होणारी वस्तू अंगणातून शोधून आणायला सांगायच्या. दिवाळीपर्यंत पोरगा एसटीच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लागला होता. तीन वर्षांनी धाकटी त्याच खोलीत, त्याच वर्गात बसली. बाईंची बदली झालेली. नवीन गुरुजी फळ्यावर लिहायचे आणि मुलं उतरवून घ्यायची. वही इतकी देखणी की मी शेजारणीला दाखवली होती. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याच वहीतल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंयस?" तिला वाचता येईना. चित्र काढावं तसं ती अक्षर काढत होती. त्या शाळेबद्दल मला थोरल्याच्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी एक उत्तर दिलं असतं आणि धाकटीच्या वेळी दुसरं. दोन्ही मनापासून दिलेली असती.

म्हणून माजी विद्यार्थी भेटला की पहिला प्रश्न विचारा, तुमची चौथी कोणत्या साली झाली? "इंग्रजी पाचवीपासून होतं म्हणून आम्ही मागे पडलो" असं जो म्हणतो तो 2000 च्या आधी पहिलीत गेलेला असतो. त्या वर्षापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. "हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी यायचा" ही आठवण असेल तर ती नव्वदीच्या उत्तरार्धाच्या आसपासची. ती योजना 1995 मध्ये सुरू झाली, शाळेत शिजवलेलं जेवण द्यायचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2001 चा. आणि "गुरुजींचा मार खाल्ला म्हणून माणसात आलो" म्हणणारे तर तुम्हाला कायमच भेटतील. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हींना बंदी आहे. मार खाऊन ज्याची शाळाच सुटली, तो आपल्याला त्याचं मत सांगायला आलेला नसतो, हेही लक्षात घ्या.

हे मला नीट कळलं ते आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात. पटांगणात मंडप, जुन्या गुरुजींचा सत्कार, एकेक जण माईकवर येऊन बोलतोय. कोणी बँकेत, कोणी पोलीस खात्यात, एक जण स्वतः शिक्षक. बोलताना गळा दाटून यायचा आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. मी समितीतर्फे चहापाण्याचं बघत होते. फाटकापाशी पन्नाशीची एक बाई नातवाला कडेवर घेऊन उभी होती. म्हटलं, आत या की. ती म्हणाली, "मी पण ह्यांच्याच वर्गातली. तिसरीपर्यंत होते." मग मंडपाकडे बघत म्हणाली, "मला नाव लिहिता येतं." तिला निरोपच गेला नव्हता. नावांची यादी हायस्कूलपर्यंत एकत्र राहिलेल्यांनी एकमेकांना विचारून केली होती, त्यात ती बसलीच नव्हती. पुढे एकदा कामानिमित्त दाखल-खारीज रजिस्टर उघडलं तेव्हा त्या सालची पानं मुद्दाम बघितली. कितीतरी मुलींच्या नावापुढे शाळा सोडण्याचं कारण एकच, "सतत गैरहजर".

तेव्हापासून जुन्या विद्यार्थ्यांना मी "शाळा कशी होती" असं विचारत नाही. तुमच्या वर्गात सगळ्यात मागे कोण बसायचं, त्याचं पुढे काय झालं, हे विचारते. यावर लोक थबकतात, आठवतात, आणि मग जे सांगतात त्यात शाळा दिसते. एकानं सांगितलं होतं, गुरुजी एका मुलाला शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास थांबवून पाढे घ्यायचे आणि मग सायकलवर घरी सोडायचे. दुसऱ्यानं सांगितलं, मागच्या पोरांकडून पाणी भरून घ्यायचे. शाळा एकच, साल वेगळं.

खरा कामाचा माजी विद्यार्थी म्हणजे आत्ता सहावी-सातवीत असलेलं पोरगं. तुमच्या शाळेतून चौथी किंवा पाचवी करून पुढच्या शाळेत गेलेली दोन-तीन मुलं गाठा आणि नव्या शाळेत कुठे अडलं ते विचारा. ती सरळ सांगतात. आमच्याकडच्या एका मुलीनं सांगितलं होतं, "गणितात नाही अडलं. मोठा धडा मनात वाचायला सांगितला की अडायचं, कारण आमच्याकडे सगळे एकत्र मोठ्यानं वाचायचे." इतकं नेमकं मला कुठल्या तपासणी अहवालात वाचायला मिळालं नाही.

आता सध्याच्या पालकांचं. त्यांचं बोलणं ताजं असतं म्हणून त्याला वजन जास्त, पण त्यातलं किती डोळ्यांनी बघितलेलं आणि किती ऐकलेलं हे वेगळं करावं लागतं. आमच्या शाळेत एका बाईंबद्दल वर्षभर बोललं जायचं, "सारख्या मोबाईलवर असतात." मी दोन दिवस सलग जाऊन बसले. बाई मोबाईलवर होत्या हे खरं, पण पोषण आहाराची रोजची माहिती ऑनलाइन भरत होत्या, मग वरून मागवलेले कसले तरी फोटो पाठवत होत्या, आणि तेवढ्या वेळात पहिलीची पोरं खडूनं फरशीवर रेघोट्या मारत होती. म्हणजे बाईंवरचा आरोप चुकीचा, पण मुलांचा वेळ जातोय ही तक्रार शंभर टक्के बरोबर. आम्ही समितीत एवढंच ठरवलं की माहिती भरायचं काम मधल्या सुट्टीत करायचं, आणि आहाराची मोजदाद करायला पालकांपैकी एकानं आळीपाळीनं यायचं. पुढे ती कुरबुर बंद झाली.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे "दोन वर्ग एकत्र बसवतात." पटाचं गणित वर सांगितलंच. चार वर्ग आणि दोन शिक्षक असतील तर दुसरं काय होणार? ती कोणाची हयगय नाही. बघायचं ते एवढंच, की एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग काय करतो. चांगल्या हातात हे फार सुरेख चालतं. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ, डावीकडे पहिली, उजवीकडे दुसरी. पहिलीला शिकवताना दुसरीतली मुलं जोडीजोडीनं एकमेकांची गणितं तपासताहेत, आणि पहिलीतलं एखादं हुशार पोरगं कान तिकडे लावून दुसरीची कविता पाठ करतंय. वाईट हातात दुसरा वर्ग नुसता "हाताची घडी, तोंडावर बोट" करून बसतो.

पण सगळ्या तक्रारी अशा समजुतीनं घेण्यासारख्या नसतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. एक शिक्षक रोज तास-दीड तास उशिरा यायचे. पालकांना माहीत होतं, आजूबाजूच्या सगळ्यांना माहीत होतं. जुने विद्यार्थी "आपल्या शाळेची बदनामी नको" म्हणून आड यायचे. समितीची सभा दरमहा व्हायला हवी, ती व्हायची नाही, इतिवृत्तात मात्र झालेली असायची. एका सभेच्या इतिवृत्तात मी हजर असल्याचं लिहिलं होतं. त्या दिवशी मी धाकटीला घेऊन दवाखान्यात होते. मी ते पान सगळ्यांसमोर उघडून दाखवलं आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. सहा महिने लागले, पण वेळ सुधारली. त्या सहा महिन्यांत पहिलीत असलेल्या मुलांचं जे गेलं ते गेलंच, याची बोच मला अजून आहे. कायद्यात समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात असं आहे ते उगाच नाही. आम्ही नुसत्या सह्या करत राहिलो म्हणून ते इतके दिवस चाललं.

काही पालकांचं मत तर तुमच्यापर्यंत येणारच नाही. ऊसतोडीला जाणारे, वीटभट्टीवरचे, पालावरचे. त्यांची मुलं दिवाळीनंतर निघून जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. त्यांना शाळेबद्दल कोणी विचारत नाही. मी एका आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "परत आल्यावर गुरुजींनी पोराला त्याच्याच जागेवर बसवलं." तिला तेवढंच सांगायचं होतं. त्या वर्षीच्या गुरुजींबद्दल मला त्याहून जास्त काही कळायची गरज उरली नाही.

मग तुम्ही काय करावं? मुख्याध्यापकांना विचारून एक दिवस परिपाठापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत शाळेत बसा. नाही म्हणाले तर का, ते विचारा. पटसंख्या, खोल्या, स्वच्छतागृह, शिक्षक ही माहिती प्रत्येक शाळेला सरकारी नोंदीसाठी दिलेल्या 11 अंकी यू-डायस क्रमांकावरून ऑनलाइन बघता येते. ती शाळेनंच भरलेली असते, म्हणून स्वच्छतागृहाला कुलूप आहे का आणि नळाला पाणी आहे का, ते स्वतः बघा. मुलीचं पाऊल शाळेत टिकायला हे फार महत्त्वाचं आहे.

आणि तिसरीतल्या तीन-चार मुलांना दुसरीच्या पुस्तकातला न शिकवलेला एखादा उतारा वाचायला द्या. पुढच्या बाकावरची मुलं शिक्षक स्वतः उभी करतील, तुम्ही मधल्या आणि मागच्या बाकांवरची घ्या. मुलांना वाचता आणि गणित करता येतं का हे बघणारं "असर"चं सर्वेक्षण 2005 पासून देशभरातल्या खेड्यांत जवळपास हेच करत आलंय: अक्षर, शब्द, पहिलीचा सोपा उतारा, दुसरीची गोष्ट, आणि गणितात हातच्याची वजाबाकी. वाचताना बोट शब्दावर सरकतंय की अक्षरावर अडतंय, ते बघा. वाचून झालं की "त्या गोष्टीतली मुलगी का रडली?" असं काहीतरी विचारा. मागच्या बाकावरचं पोरगं अडखळत का होईना वाचत असेल आणि उत्तर द्यायला घाबरत नसेल, तर त्या शाळेबद्दल कोण काय म्हणतं याचा फार विचार करू नका.

एवढं सगळं मार्चमध्ये केलंत तरी प्रवेशाच्या आठवड्यात पुन्हा एकदा जा. शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्या आता ऑनलाइन होतात आणि बऱ्याचदा त्या उन्हाळी सुट्टीच्या मागेपुढे निघतात. ज्या बाईंना बघून तुम्ही ठरवाल त्या जूनमध्ये तिथे असतीलच असं नाही. पहिलीचा वर्ग यंदा कोणाकडे आहे, एवढं विचारा, आणि नवीन कोणी आलेलं असेल तर त्यांच्या आधीच्या शाळेतल्या एखाद्या पालकाला फोन करा. मी धाकटीच्या वेळी हा एक फोन केला नव्हता.